कास्त्रोखेरिस ते कार्रिओन: चिखलातला एक दिवस

सायकल सहलींचा प्रमुख म्हणून मी गेली ११ वर्षे काम करतो आहे आणि उत्तर स्पेनमधल्या बुर्गोस ते लेओन या टप्प्यावर पुण्याहून गट घेऊन जाण्याची ती माझी चौथी खेप होती. सान्तियागोकडे जाणाऱ्या मध्ययुगीन यात्रामार्गाचा हा मधला भाग मेसेता नावाच्या उंच पठारावरून जातो. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर पसरलेली ही गव्हाची भूमी नकाशावर इतकी सपाट दिसते, की सहलीला येणारी मंडळी पिरेनीज पर्वताची चौकशी करतात, मेसेताची करत नाहीत. त्या खेपेपर्यंत माझेही थोडेफार तसेच होते. मे महिन्यातल्या त्या एका दिवसाने ते बदलले, म्हणून तो दिवस सविस्तर लिहितो आहे.

गटात १२ जण होते. त्यांतल्या सर्वांत वडील म्हणजे ६४ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळेच ‘बाई’ म्हणत. सायकली आम्ही स्पेनमध्येच भाड्याने घेतल्या होत्या. बाईंची उंची कमी असल्यामुळे त्यांच्यासाठी लहान फ्रेमची सायकल आली होती आणि ती इतर अकरा सायकलींपेक्षा वेगळ्या मॉडेलची होती. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, पण तिचा अर्थ त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

आदल्या रात्री कास्त्रोखेरिसला आमचा मुक्काम होता आणि त्या दिवशी कार्रिओन या गावी पोहोचायचे होते. टेकडीवर पडका किल्ला आणि तिच्या पायथ्याला एकाच लांबलचक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वसलेले हे गाव आहे. रात्रभर पाऊस कोसळला आणि पहाटे थांबला. सकाळी न्याहारीच्या वेळी घरमालकीण मला म्हणाली, की आज मातीच्या वाटेने जाऊ नका, वळसा पडला तरी डांबरी रस्त्यानेच जा. मी खिडकीतून पाहिले, तर ऊन पडले होते, आकाश निरभ्र होते आणि समोरची वाट वाळू लागल्यासारखी दिसत होती. यात्रेची खरी वाट सोडून मोटारींच्या रस्त्याने जायचे गटातल्या कोणालाच रुचले नसते. मी मातीची वाट धरायचे ठरवले. सामान घेऊन जाणारी आमची गाडी नेहमीप्रमाणे डांबरी रस्त्याने पुढे निघून गेली.

गावाबाहेर पडताच मोस्तेलारेसचा चढ लागतो. साधारण एका किलोमीटरमध्ये शंभर मीटरहून अधिक उंची गाठायची असते, त्यामुळे आमच्यातले निम्मे लोक सायकल हातात धरूनच वर गेले. माथ्यावर मात्र वाट मुरमाड आणि कोरडी होती. तिथून पश्चिमेला दिसणाऱ्या हिरव्या गव्हाला क्षितिजापर्यंत शेवटच नव्हता आणि बांधांवर रानखसखशीची लाल फुले फुलली होती. पलीकडचा उतार फार तीव्र असल्यामुळे त्यावर सिमेंट घातलेले आहे. तिथे मी सर्वांना एकेक करून सोडले. पिसुएर्गा नदीवरच्या जुन्या अकरा कमानींच्या पुलावर बुर्गोस प्रांत संपतो आणि पालेन्सिया प्रांत सुरू होतो. तोवर सारे व्यवस्थित चालले होते आणि माझा निर्णय बरोबर ठरल्याच्या समाधानात मी होतो.

इतेरो दे ला वेगा हे गाव मागे पडले. पुढचे गाव, बोआदिया देल कामिनो, सुमारे आठ किलोमीटरवर आहे आणि मध्ये वस्ती नाही. इथून तिएर्रा दे काम्पोस, म्हणजे ‘शेतांची भूमी’, हा प्रदेश सुरू होतो आणि त्याबरोबर मातीही बदलते. पहिल्या दीड किलोमीटरवरच चाके जड झाली. ही चिकणमाती टायरला थरावर थर चिकटत जाते. मग ती चाक धरणाऱ्या चिमट्यात आणि ब्रेकपाशी दाटते आणि शेवटी चाक फिरणेच थांबते. त्यात गेल्या हंगामातले गव्हाचे काड मिसळलेले असते, त्यामुळे ती बोटाने काढू गेले तर तुटत नाही, दोरखंडासारखी ओढली जाते. थोड्याच वेळात बाराही जण खाली उतरले होते आणि काटक्यांनी चिखल खरवडत, वीस पावले चालत, पुन्हा खरवडत पुढे सरकत होते. मी सर्वांना सांगितले, की आता कोणीही सायकलवर बसून जोर लावायचा नाही. पण बाई बऱ्याच पुढे होत्या आणि वारा समोरून होता, त्यामुळे माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

तो आवाज मी ओळखतो. आधी साखळी चावल्यासारखी करकरते, मग धातू मोडल्याचा एकच टणत्कार होतो आणि त्यापाठोपाठ आऱ्यांमध्ये काहीतरी अडकल्याची खरखर ऐकू येते. मी धावत गेलो तेव्हा बाई सायकल धरून शांतपणे उभ्या होत्या. गिअर बदलणारा मागचा डिरेल्युअर चाकाच्या आऱ्यांत वर ओढला गेला होता आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर दोन तुकडे होऊन लोंबत होता. हँगर हा अॅल्युमिनियमचा बोटाएवढा तुकडा असतो आणि तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो, म्हणजे आघात झालाच तर तो मोडावा आणि फ्रेम वाचावी. त्याने त्याचे काम चोख केले होते. माझ्या पिशवीत दोन जादा हँगर होते. दोन्ही लावून पाहिले, पण एकही बसला नाही, कारण प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो आणि मी आणलेले दोन्ही हँगर त्या अकरा सायकलींचे होते.

गाडीच्या चालकाला फोन केला. त्याने स्पष्ट सांगितले, की या वाटेवर गाडी घातली तर गाडी काढायला ट्रॅक्टर आणावा लागेल. तो बोआदियात थांबेल. तेव्हा जे काही करायचे ते तिथेच करणे भाग होते. डिरेल्युअर पूर्ण काढून टाकायचा, साखळी तोडून आखूड करायची आणि ती मागच्या एकाच चक्रावर चढवून सायकल एका गिअरची करायची, हा एकच उपाय होता. सांगायला हे सोपे आहे. डिरेल्युअर असला की साखळीचा ताण तो सांभाळतो. तो नसेल तर एका कडीच्या फरकानेही साखळी घट्ट होते किंवा घसरते. पहिल्यांदा ती इतकी ताणली, की पायडल फिरेना. दुसऱ्यांदा मधल्या चक्रावर लावली, ती दोन फेऱ्यांत निसटली. माझी बोटे चिखलाने बधिर झाली होती, साखळी तोडण्याचे हत्यार हातातून निसटत होते आणि माझ्यावर विश्वास ठेवून आलेले अकरा जण भर वाऱ्यात उभे होते. बाईंनी आपल्या बाटलीतले पाणी माझ्या हातांवर ओतले आणि म्हणाल्या, “तू घाई करू नकोस. मला थंडी वाजत नाही, आणि वाजली तर मी सांगेन.” तिसऱ्यांदा एक चक्र खाली सरकून, एक कडी कमी केल्यावर साखळी बसली.

उरलेले अंतर आम्ही बहुतेक चालतच काटले. बोआदियाच्या तोंडाशी निळा डगला घातलेला एक म्हातारा शेतकरी आमच्याकडे पाहत उभा होता. त्याने काही न विचारता अंगणातला पाण्याचा पाइप ओढून आणला आणि माझ्या हातात दिला. “आत्ता, आत्ताच धुवा,” तो म्हणाला, “वाळली की आदोबे होईल.” आदोबे म्हणजे उन्हात वाळवलेली कच्ची वीट. त्याने अंगठा मागे करून आपल्या गोठ्याची भिंत दाखवली. मी जवळ जाऊन पाहिले. भिंतीत तीच तांबूस पिवळी माती होती आणि तिच्यात तेच काड होते, जे तासाभरापूर्वी मी चिमट्यातून नखांनी उपसून काढत होतो. या भागात दगड कमी आणि लाकूड त्याहून कमी, त्यामुळे घरे, कुंपणे आणि शेतांमधून उभी असलेली कबुतरखान्यांची चौकोनी व गोल बांधकामे शतकानुशतके याच मातीची होत आली आहेत.

माझे आजोळ बीड जिल्ह्यात आहे. तिथे जमिनीची काळी आणि पांढरी अशी वाटणी आजही जुन्या माणसांच्या तोंडी असते. काळी कसायची, पांढरी वस्तीची आणि घराच्या भिंतींची. आजोबा भिंतीसाठी चिखल तुडवताना त्यात भुसा घालत, ते मी लहानपणी पाहिले आहे. इथे मात्र काळी आणि पांढरी एकच आहे. जी माती गहू पिकवते, तीच भिंत होऊन उभी राहते, आणि तिच्यावर चाक घालायचे की नाही हे इथल्या माणसांना आमच्याहून पुष्कळ चांगले कळते. सकाळी घरमालकिणीने मला नेमके तेच सांगितले होते.

गावच्या चौकात चर्चशेजारी १५ व्या शतकातला एक दगडी स्तंभ आहे. त्याला रोयो म्हणतात आणि त्याच्यावर यात्रेचे चिन्ह असलेले शिंपले कोरलेले आहेत. गावाला स्वतःचा न्यायाधिकार मिळाल्याची ती खूण होती आणि गुन्हेगारांना तिथे बांधून उभे करत. गाडी त्याच्याजवळच थांबलेली होती. मी बाईंना म्हणालो, “आता तुम्ही गाडीत बसा, सायकल मी वर टाकतो.” त्यांनी पुढची वाट कशी आहे ते विचारले. पुढे फ्रोमिस्तापर्यंत कालव्याच्या काठाने सहा किलोमीटरच्या आसपास जायचे आहे, असे मी सांगितले. “कालव्याच्या काठाला चढ कुठून असणार?” त्या म्हणाल्या. भूगोल शिकवण्यात त्यांची ३० वर्षे गेली होती.

त्यांचे म्हणणे खरेच होते. कास्तियाचा कालवा १७५३ मध्ये खणायला घेतला आणि १८४९ मध्ये पूर्ण झाला. या पठारावरचा गहू समुद्राकडे नेण्यासाठी योजलेला हा कालवा २०७ किलोमीटर लांबीचा असून त्यावर ४९ जलपाश, म्हणजे बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दारांचे हौद, आहेत. खेचरे काठावरून चालत दोराने बोटी ओढत असत, आणि खेचरांना चढ पडू नये म्हणून काठाची वाट पाण्याच्या पातळीने आखलेली आहे. कालवा पूर्ण होऊन पुरती १५ वर्षेही झाली नव्हती, तोच शेजारून रेल्वे आली आणि बोटींचे महत्त्व ओसरू लागले. काठाची वाट मात्र टिकली. कठीण, पाणी न धरणाऱ्या त्या वाटेवर एका गिअरची सायकल कुठेही अडली नाही. दोन्ही बाजूंना उंच पॉपलर, पाण्यात बेडकांचा कल्लोळ आणि पुढे बाई एकाच लयीत पायडल मारत चाललेल्या. त्या सहा किलोमीटरांत मला एकदाही साखळी तपासायला थांबावे लागले नाही. फ्रोमिस्ताशी कालवा ओळीने चार जलपाशांतून सुमारे १४ मीटर खाली उतरतो. त्या अंडाकृती दगडी हौदांच्या कडेला बसून आम्ही दुपारी तीन वाजता डबे उघडले.

फ्रोमिस्तातले ११ व्या शतकातले सान मार्तिनचे चर्च मी प्रत्येक गटाला तासभर दाखवतो. त्याच्या पागोळीखाली माणसांची, पशूंची आणि राक्षसांची तीनशेहून अधिक कोरीव शिल्पे आहेत. त्या दिवशी मी गटाला आत पाठवले आणि बाहेरच्या बाकावर बसून पालेन्सिया शहरातल्या सायकल दुकानांना फोन केले. तिसऱ्या दुकानात त्या मॉडेलचा हँगर मिळाला. बाई उरलेल्या २० किलोमीटरांसाठी गाडीत बसल्या आणि आम्ही डांबरी रस्त्याने संध्याकाळी कार्रिओनला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालकाने हँगर आणून दिला. मी तो बसवत असताना बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कार्रिओनच्या पुढे जवळजवळ १७ किलोमीटर एकही गाव नाही हे त्यांनी वाचले होते. “तिथेही हीच माती?” त्यांनी विचारले. मी सांगितले, की माती तीच आहे, पण ती वाट रोमन काळातली आहे. बोर्दोहून अस्तोर्गाला जाणारा रस्ता याच चिकणमातीवरून न्यायचा होता आणि जवळपास दगड नव्हता, म्हणून रोमनांनी तो दुसरीकडून वाहून आणला आणि भराव घालून वाट उंच केली. त्यांनी मान डोलावली, खाली वाकून नवा हँगर नीट पाहिला आणि जुन्याचे दोन तुकडे मागून घेतले. मग मी घरमालकाकडे गेलो आणि सायकली बाहेर काढण्याआधी त्याला वाटेची हालत विचारली.