पीएच.डी.चा अर्ज आणि ३९ फूट पाणी

क्लिनिकल सायकॉलॉजीतील पीएच.डी.साठीचा अर्ज आज अखेर भरला. रकाने भरायला फारसा वेळ लागला नाही. दिवस गेला तो संशोधन आराखड्यात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठल्याची बातमी आली की चिखली-आंबेवाडीकडच्या ज्या घरांची झोप उडते, त्यांची २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतरची ही सावधता आघातोत्तर तणावविकाराच्या निकषांत कितपत बसते आणि कितपत ती केवळ रास्त खबरदारी असते, हे मला तपासायचे आहे. अनुभवातून आलेल्या भीतीवर सरसकट आजाराचा शिक्का मारणे मला पटत नाही, म्हणून प्रश्नावलीच्या जोडीला सविस्तर मुलाखतीही ठेवल्या आहेत.

राजारामपुरीत झेरॉक्स काढताना ओळखीच्या काकांनी विचारले, "म्हणजे आता दवाखाना टाकणार काय?" नुसत्या पीएच.डी.ने उपचार करण्याचा परवाना मिळत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे शिक्षण आणि परिषदेकडील नोंदणी लागते, हे त्यांना समजावून सांगितले. (माझे एम.फिल. आणि नोंदणी आधीच झाली आहे, हेही सांगितले; त्यावर "मग हे कशाला?" हा प्रश्न आलाच.)

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे असतात. आईने त्यातला ६ हा आकडा तेवढा ऐकला. प्रवेशाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न नमुनानिवडीवरच, म्हणजे अभ्यासासाठी माणसे कशी निवडणार यावरच येईल, असे वाटते. उद्यापासून तेच घेऊन बसायचे आहे.