गोव्याबाहेरचा खंडान्त उतार: नकाशातल्या बाणावर विसंबू नका

नोव्हेंबरात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, हे पुस्तकात आहे, नकाशातला बाणही तेच दाखवतो आणि निघण्याआधीच्या बैठकीत आम्हाला तेच ठासून सांगितलं होतं. भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेला पोचलो, जिथून खंडान्त उताराने तळ खोल जातो, तर जहाजाच्या बुडाचा प्रवाहमापक दक्षिणेकडची ओढ दाखवत होता, तीही जवळजवळ एका नॉटची (ताशी 1.85 किलोमीटर). पाण्याखाली टांगलेलं यंत्र वर काढायचा आमचा सगळा बेत उत्तरेच्या हिशेबाने आखलेला. पुढच्या मोहिमेला जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय ते याचसाठी.

पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे, हे चूक नाही. पण ती सरासरी आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या उतारावर वर्षानुवर्षं यंत्रं टांगून ठेवली आहेत. 2009 ते 2018 च्या त्या नोंदी पाहिल्या की ऋतूच्या लयीवर चढलेले महिना ते तीन महिन्यांचे हेलकावे स्पष्ट दिसतात, आणि हिवाळ्यात ते विशेष जोरात असतात. त्यांचं मूळ गोव्यात शोधू नका. विषुववृत्तावर किंवा श्रीलंकेच्या आसपास वारा बदलला की त्याची लाट किनारा उजव्या हाताला ठेवून वर सरकते आणि इथलं पाणी उलटं फिरवते. तेव्हा इथे आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला तरी त्यावरून प्रवाहाचा अंदाज बांधू नका.

आता त्या दुपारबद्दल. सुमारे हजार मीटर पाण्यात तळाशी जड वजन, त्याच्या वर ध्वनीच्या इशाऱ्याने सुटणारी कडी, मग लांबलचक दोर आणि वरच्या टोकाला, दीडशे मीटरच्या आसपास, वर तोंड करून बसवलेला प्रवाहमापक. जहाजावरून सांकेतिक आवाज सोडला की कडी उघडते, वजन तळाशीच राहतं आणि बाकीचं सगळं पिवळ्या तरंगणाऱ्या गोळ्यांच्या जोरावर वर येतं. शेवटचा गोळा दिसेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. एका नॉटच्या ओढीत तेवढ्यात अर्धा किलोमीटर सरकणं आलंच. आम्ही उत्तरेला टपून बसलो आणि गोळे दक्षिणेला, उन्हाच्या चकाकीत, वर आले. शोधता शोधता सूर्य टेकला. गोळ्यांबरोबरच्या दिव्याची उघडझाप दिसली तेव्हा डेकवर सगळे ओरडलेच. दोराला मासेमारीची तुटकी गळदोरी आवळून बसली होती. ती चाकूने कापता कापता बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) हातमोज्याची बोटं फाटली. वर्षभराची नोंद त्या एका दोराला लटकत होती.

म्हणून कडी सकाळीच उघडा. दुपारनंतर कुणी कितीही घाई केली तरी ठाम नकार द्या. आधी किमान एक पूर्ण भरती-ओहोटी, म्हणजे साडेबारा तास, जागेवर थांबून प्रवाह पाहा. तासाभराच्या आकड्यात भरतीची ओढ आणि मूळ प्रवाह वेगळे काढता येत नाहीत. आणि फक्त वरचा थर पाहून भागत नाही. पृष्ठभागाचं पाणी एकीकडे आणि शंभर-दीडशे मीटरवरचं नेमकं उलट, असं या उतारावर होतं. त्यामुळे दोर कुठे झुकला असेल हे वरून कळत नाही.

बोट लागत असेल तर गोळी आदल्या संध्याकाळीच घ्या. जहाज चालू असताना त्रास कमी. कडेवर थांबलं की ते लाटेला आडवं होतं आणि रात्रभर लोळतं. ती रात्र वाईटच जाते, त्याला इलाज नाही. खालच्या डेकची, मधली केबिन मागा.

मार्मागोवा बंदरापर्यंतच्या टॅक्सीचं भाडं बसण्याआधी पक्कं करा. सामान जास्त आणि वेळ रात्रीची पाहून आमच्याकडून दुप्पट पैसे घेतले, वर आत जायचा पास नाही म्हणून पेट्यांसकट फाटकाबाहेर उतरवलं. हे सरळ लुटणं आहे. प्रवेशपासाचे कागद आणि गाडी, दोन्हींची सोय आधीच करून ठेवा.

दक्षिणेकडे कोल्लमपर्यंतचा पुढचा टप्पा निवांत गेला.

एका फेरीवर निष्कर्ष मात्र काढू नका. 1997 साली हिंदी महासागरात द्विध्रुवाची तीव्र धन अवस्था होती, म्हणजे पश्चिमेचं पाणी नेहमीपेक्षा गरम आणि पूर्वेचं थंड, त्या वर्षीचा पश्चिम किनारा नेहमीसारखा नव्हता. पावसाळ्याच्या शेवटी भूखंडमंचावर चढणारं प्राणवायू फार कमी असलेलं पाणी त्या अवस्थेत अडतं. असं एखादं वर्ष ओळखायचं तर आधीची आणि नंतरची कितीतरी वर्षं सलग हातात लागतात. म्हणून यंत्र वर काढलं की त्याच मोहिमेत दुसरं खाली गेलंच पाहिजे. बॅटऱ्या आणि सुटणारी कडी बंदरातच तपासून घ्या, सुटी कडी एक जास्त बरोबर ठेवा, आणि ‘पुढच्या फेरीत लावू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.