अकरा पंचे पंचावन्न

वर्तमानपत्राच्या डेस्कवर एक काम असं असतं की ते कुणालाच आवडत नाही, आणि कुणी केलं नाही तर ऐन वेळी सगळ्यांची पळापळ होते. मोठी माणसं हयात असतानाच त्यांचा मृत्युलेख तयार ठेवायचा. आमच्याकडे त्या फोल्डरला 'तयार मजकूर' एवढंच नाव होतं. सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे सगळ्यांचे आबासाहेब, यांची फाइल त्यात बरीच वर्षं पडून होती. ती लिहिणारे सोलापूर सोडून गेले, मग दुसऱ्या कुणीतरी त्यात २००९ घातलं, तिसऱ्या कुणीतरी २०१४. प्रत्येकाने शेवटी एक ओळ जोडली. वरच्या ओळी कुणी पुन्हा वाचल्या नसाव्यात.

३० जुलै २०२१, शुक्रवार. तेव्हा दुकानं चारला बंद व्हायची, त्यामुळे संध्याकाळी ऑफिसखालचा चहावाला नसायचा आणि आम्ही मशीनचा तो गोडमिट्ट चहा पीत असू. आबासाहेब सोलापुरातच रुग्णालयात होते आणि तब्येत नाजूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. रात्री बातमी आली. पहिलं पान तोवर अर्धं लागलं होतं. वृत्तसंपादक केबिनमधून बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "पहिलं पान मोडा. आत एक पूर्ण पान द्या. तुम्ही बघा."

'तुम्ही' म्हणजे मी. डाक आवृत्ती सोडायला पाऊण तास होता. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे जाणारी गाडी हीच. म्हणजे ज्यांचे आबासाहेब, त्यांच्या हातात पडणारा अंक. फाइल उघडली, क्रियापदं 'आहेत'ची 'होते' केली, फोटो टाकले, पान सोडलं. मधोमध काळी चौकट, तिच्यात जाड टायपात: '११ वेळा आमदार, ५५ वर्षे विधानसभेत'. पान गेलं तेव्हा मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. वेळेत गेलं होतं.

शहर आवृत्तीला अजून दोन तास होते. तेवढ्यात पान नीट करायचं म्हणून मी मजकूर पहिल्यापासून वाचायला घेतला. मृत्युलेख रात्री घाईत वाचला की सगळे एकाच माणसाचे वाटतात: साधी राहणी, एसटीने प्रवास, तळागाळाशी नाळ. यातलं एसटीचं खरंच होतं, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. पण तीच ओळ तीन ठिकाणी होती, मी दोन उडवल्या. त्या जागी सूतगिरणीचं घेतलं, आटपाडीच्या पाणी परिषदा घेतल्या, नागनाथअण्णा नायकवडींचं नाव घातलं, कारण दुष्काळी तालुक्यांचं पाणी हा त्या माणसाच्या राजकारणाचा कणा होता आणि आमच्या तयार मजकुरात त्याला दीड ओळ होती. मूळ गाव पेनूर, म्हणजे मोहोळ तालुका. सांगोल्यात ते वकिलीसाठी आले. बाहेरून आलेल्या वकिलाला तालुक्याने इतकी वर्षं निवडून द्यायचं, हे मला एसटीपेक्षा नवलाचं वाटलं. तेही वर घेतलं.

मग चौकट. ग्राफिकसाठी मला निवडणुकांची वर्षं ओळीने लागणार होती. निवडणूक आयोगाच्या साइटवर जुन्या निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल आहेत. आकड्यांची पानंच्या पानं. सांगोला शोधायचं, देशमुख गणपतराव अण्णासाहेब शोधायचं, पुढे पक्षाच्या जागी पीडब्ल्यूपी, म्हणजे आपला शेतकरी कामगार पक्ष, शेकाप. एका प्रूफच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पेन्सिलीने उभं लिहीत गेले. ६२, ६७. ७२ला पडले. १९७४ला पोटनिवडणूक, जिंकले. ७८, ८०, ८५, ९०. ९५ला पडले. ९९, २००४, २००९, २०१४. तेरा वेळा उभे, अकरा वेळा निवडून. अकरा बरोबर होतं. सगळे विजय सांगोल्यातून, तेही बरोबर.

शेजारच्या रकान्यात मी सवयीने वर्षं मांडली. ६२ ते ६७ पाच, ६७ ते ७२ पाच, ७४ ते ७८ चार. ७२ची विधानसभा आणीबाणीमुळे लांबून ७८पर्यंत चालली, नाहीतर हे चारही झाले नसते. ७८ ते ८० दोनच. विधानसभा बरखास्त झाली, मध्ये काही महिने राष्ट्रपती राजवट. ८० ते ९५ पंधरा. ९९ ते २०१९ वीस. खाली रेघ मारली. ५१.

पुन्हा केली. ५१. मोबाइलवर केली. ५१, आणि महिने काटेकोर धरले तर त्याहून थोडं खालीच.

मग डोक्यात प्रकाश पडला. आधी कधीतरी कुणीतरी अकराला पाचाने गुणलं होतं. अकरा पंचे पंचावन्न. पाढा चोख, फक्त प्रत्येक विधानसभा पाच वर्षं चालते हे गृहीत. त्यानंतर जो तो तेच उतरवत आला, आम्हीसुद्धा. आणि तासाभरापूर्वी मी स्वतः ते जाड टायपात सांगोल्याकडे रवाना केलं होतं.

मजकुरात आणखी एक वाक्य होतं: 'देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार'. एकदा संशय आला की सगळ्याचाच येतो. केरळमधले के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले होते, १९६५पासून २०१६पर्यंत. ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा, आणि ते तेव्हा आमदार होतेच. करुणानिधींचेही विजय १३, मतदारसंघ मात्र बदलत गेले. देशात सर्वाधिक, हे कधीच गेलं होतं. मी 'महाराष्ट्रात' केलं.

तालुक्याच्या वार्ताहराला फोन लावला. तो रुग्णालयाबाहेर होता, मागे माणसांचा आवाज, पावसाचाही असावा. मला फक्त अंत्यसंस्काराची वेळ हवी होती. ती सांगून झाल्यावर मी म्हटलं, "दादा, ते पंचावन्न चुकतंय. एक्कावन्न होतात."

तो गप्प. मग म्हणाला, "ताई, आज आकडं कमी करायला बसलाय व्हय तुम्ही?"

काय बोलणार? त्याने लहानपणापासून शेकापचा लाल बावटा बघितलेला. मी बेरीज सांगायला लागले. तो म्हणाला, "ती बेरीज ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं लोक पंचावन्न म्हणत्यात." आणि लगेच दुसरं: "ते पडल्याचं बी घालताय का? पंच्याण्णवचं?"

"घालतेय."

"आज कशाला?"

या 'आज कशाला'चं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. नंतर मिळालं, तेही दुसऱ्याकडून. आमच्याकडे एक निवृत्त मुद्रितशोधक अधूनमधून रात्री येऊन बसायचे. घरी झोप येत नाही म्हणायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. मी प्रूफ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि १९९५च्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे एकशे ब्याण्णव. हे त्या रात्री माझ्या हातून गेलंय. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील एकशे ब्याण्णव मतांनी विजयी. मला वाटलं, शून्य राहिलं. एकोणीसशे वीस असणार. फोन लावून लावून बोट दुखलं, लाइन लागंना. शेवटी लागली. पलीकडचा म्हणाला, शून्य बिन्य काय नाही, एकशे ब्याण्णवच. आणि काय की, रडायलाच लागला बिचारा." मग प्रूफ खाली ठेवून म्हणाले, "हे काढू नको. एवढ्या थोडक्यात पडला आणि चार वर्षांनी परत आला, तर ते अकरा खरं वाटतंय. नुसतं अकरा लिहिलंस तर पत्रकावरचं वाटतंय."

मी ते काढलं नाहीच. उलट २०१९ची ओळ वाढवली. त्या वर्षी वयामुळे आबासाहेब स्वतः उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. समोर पुन्हा शहाजीबापूच, या खेपेला शिवसेनेकडून. (गुवाहाटीचं 'काय झाडी, काय डोंगार' अजून वर्षभर लांब होतं. महाराष्ट्राला शहाजीबापू माहीत व्हायचे होते, सोलापूरला चांगले माहीत होते.) १९२ अधिक ७६८ किती होतात ते मी तिथेच मांडलं. ९६०. चोवीस वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन हारी, दोन्ही मिळून हजार मतं नाहीत. सांगोल्यात निवडणूक किती चुरशीची होते हे सांगायला यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचलं नसतं. चौकटीत जागा नव्हती, तरी ते कोंबलं. दोन वेळचं मंत्रिपद एका ओळीत बसवलं: १९७८चं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार, आणि १९९९चं विलासराव देशमुखांचं मंत्रिमंडळ. बाकी बहुतेक आमदारकी विरोधी बाकांवरची. मंत्री म्हणून त्यांची आठवण कुणी काढताना मी तरी ऐकलेलं नाही.

वर्षांचा घोळ वृत्तसंपादकांपुढे नेला. त्यांनी पेन्सिलीची बेरीज वरून खाली एकदा, खालून वर एकदा पाहिली.

"उद्या सगळीकडे पंचावन्न, नाहीतर चोपन्न येणार. आपल्यातच एक्कावन्न. वाचक म्हणणार आपण चुकलो."

"आपण चुकलोच आहोत, सर. डाकमध्ये पंचावन्न गेलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर परवडलं असतं. "गाडी?"

"मंगळवेढ्याच्या पुढे गेली असेल."

पाचेक मिनिटं ते खुर्चीत मागे रेलून होते. मग पेन उचललं, चौकटीतली '५५ वर्षे' खोडली आणि वर लिहिलं: 'आमदारकीचं अर्धशतक'. मला मानावं लागलं. खरं होतं, वजनदार होतं, आणि कुणाच्या दुःखात वजाबाकी करत नव्हतं. खाली बारीक टायपात अकरा विजयांची वर्षं ओळीने दिली. ज्याला मांडायचंय त्याने मांडावं.

दुसऱ्या दिवशी सांगोल्यात अंत्यसंस्कार होते, आमची अर्धी माणसं तिकडे होती. मी डेस्कवर दुपारी आले तर फोन वाजत होता. जुळे सोलापुरातले एक वाचक. आवाजावरून सत्तरीचे, बोलणं शिक्षकी.

"बाई, तुम्ही पाच वर्षं खाल्लीत. बाकी पेपरात पंचावन्न आहे. माझा मेहुणा सांगोल्यात असतो, त्याच्याकडं तर तुमचाच पेपर आहे, त्यात पण पंचावन्न आहे. शहरात वेगळं आणि तालुक्यात वेगळं, असं असतंय का?"

एकाच वाक्यात त्यांनी मला दोन्हीकडून धरलं. मी म्हटलं, डाक आवृत्तीत चूक झाली, शहराच्या अंकात सुधारली. त्यांना पटलं नाही. शेवटी म्हटलं, "सर, चौकटीखाली वर्षं दिली आहेत. तुम्हीच मांडून बघा."

"थांबा, कागद घेतो."

ते खरंच थांबवून गेले. फोनवर मला पातेल्याचा आवाज आला, कुणीतरी 'कोण आहे हो' विचारलं, मग खुर्ची सरकली. तोंडाने मांडत होते: पाच, दहा, चौदा... "अठ्ठ्याहत्तर-ऐंशी दोनच होय? हां, बरोबर, सरकार गेलं होतं. सोळा. एकतीस." मग बराच वेळ काही नाही. "एक्कावन्न."

"हो."

"मग पंचावन्न कुठनं आलं?"

"अकरा पंचे, सर."

ते हसले, शाळेत पोराने पाढा बरोबर म्हणून गणित चुकवल्यावर हसावं तसं. मग म्हणाले, "बरं आहे. मेहुण्याला सांगत नाही मी आज. तेराव्यानंतर सांगतो."

वार्ताहर दादा पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. नंतर एकदा ऑफिसला आले तेव्हा डाळिंबाची पिशवी टेबलावर ठेवली, आणि त्या विषयावर आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही.

ते प्रूफ माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलं, मुद्दाम जपलं असं नाही. २३ नोव्हेंबर २०२४ला निकालाच्या दिवशी ते पुन्हा वर आलं. सांगोल्यातून शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले होते, आबासाहेबांचे दुसरे नातू. डेस्कवरचा नवा मुलगा भराभर चौकट बनवत होता. काका आता येत नव्हते, वृत्तसंपादकही बदलले होते. मुलाने मान वर न करता विचारलं, "मॅडम, आजोबा पंचावन्न वर्षं आमदार होते ना?"

मी ड्रॉवर उघडला. मग वाटलं, नको. निवडणुकांची वर्षं तेवढी एका चिठ्ठीवर उतरवून त्याच्या कीबोर्डवर ठेवली, शेजारी पेन्सिल ठेवली आणि म्हटलं, "मांड."