अर्धं सूत

क्विल्टिंगचं, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखी क्विल्ट शिवायचं, सगळं गणित पाव इंचावर चालतं. म्हणजे दोन सूत, एका इंचात आठ सूत. कुठलेही दोन तुकडे जोडताना कडेपासून पाव इंच आत टीप मारायची, एवढाच नियम, आणि तो पहिल्यांदा ऐकल्यावर मी मनात म्हटलं होतं की यात काय, हे तर कोणीही करेल. वर्ष होत आलं, अजून जमवतेय.

झालं काय, की पहिल्या क्विल्टसाठी मी बारा-बारा ब्लॉकच्या, म्हणजे कापडी चौकोनांच्या, दोन ओळी जोडल्या. एक रविवारी निवांत बसून, दुसरी मधल्या वारी रात्री झोप आवरत. दोन्ही शेजारी ठेवल्या तर दुसरी जवळजवळ दीड इंच आखूड! मला वाटलं कापतानाच घोळ झाला, म्हणून सगळे ब्लॉक परत मोजत बसले, ते बरोबर होते. शेवटी क्विल्टिंगच्या ग्रुपमधल्या एका ताईंना फोटो पाठवला, त्यांचं एका ओळीत उत्तर, "अगं, टीप मोज आधी."

मोजली. पाव इंचाच्या वर अर्धं सूत. अर्धं सूत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर हो, कोणाच्या डोळ्याला दिसतंय! पण टीप दोन्ही तुकड्यांतून अर्धं-अर्धं खाते, म्हणजे दर जोडाला एक सूत गेलं, बारा ब्लॉकना जोड अकरा, आणि अकरा सूत म्हणजे एक इंच तीन सूत. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, मी अर्ध्या सुतावरून टीप उसवायचं सीम रिपर गाठलं आणि अकराच्या अकरा जोड उसवले.

मग ताईंनी एक परीक्षा दिली. दीड इंची तीन पट्ट्या कापायच्या, एकमेकींना जोडायच्या, इस्त्री दाबायची (फिरवायची नाही, दाबायची, फिरवली की कापड ताणलं जातं) आणि मधली पट्टी मोजायची. बरोबर एक इंच भरली पाहिजे. माझी पहिली भरली सात सूत, दुसरी पण सात. मग चिडून टीप कडेकडे नेली तर एक इंच एक सूत. पुढे कळलं की अगदी काटेकोर पाव इंच घेतला तरी मधली पट्टी किंचित कमीच भरते, कारण कापड जोडावर दुमडतं तेव्हा त्या घडीत एखाद-दोन धागे जातात. म्हणून टीप पाव इंचाला एखादा धागा कमीच मारायची, याला स्कँट क्वार्टर म्हणतात. म्हणजे ज्या पाव इंचावर सगळं चालतं तो पाव इंच नसतोच. हे आधी सांगायला काय होतं?

मॉडर्न क्विल्टिंगकडे मी वळले ते खरं तर आळसापोटी. फुलाफुलांचं प्रिंट नाही, बारीक शेकडो त्रिकोण नाहीत, एकरंगी कापड, तिरका कुठेतरी दोन-चार पट्ट्यांचा खेळ आणि बाकी सगळी मोकळी जागा, निगेटिव्ह स्पेस म्हणतात ती. वाटलं, अर्धं काम तर मोकळंच आहे. २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही अशा क्विल्ट करणाऱ्यांची संघटना सुरू झाली आणि २०१३ मध्ये त्यांचं पहिलं संमेलन, क्विल्टकॉन, ऑस्टिनला भरलं, तिथल्या क्विल्टचे फोटो बघताना हेच वाटत राहतं, की अरे, हे तर मी पण करीन. पण प्रिंटमध्ये वाकडी टीप लपते, सपाट पांढऱ्यात लपायला जागाच नाही. आणि ती मोकळी जागा मोकळी सोडायची नसतेच, वरचा थर, बॅटिंग म्हणजे मधला भराव आणि खालचं कापड धरून ठेवायला तिच्यावर टिपा माराव्या लागतात. मला नेमकी भुरळ पडली काड्या मांडल्यासारख्या खेटून सरळ रेषांची. साठ इंच रुंदी, सुता-सुताच्या अंतराने रेषा, करा हिशोब, ४८० रेषा. मी चाळीसाव्या रेषेला दोन सुतांवर आले आणि मग अर्धा इंच. डिझाइनच तसं आहे असं सांगते.

आता यावर कोणी म्हणेल की मग मोजताच कशाला, इम्प्रोव्ह करा, म्हणजे न आखता सुचेल तसं, मोजपट्टी बाजूला ठेवा. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून, बरेचदा कागदावर काही न आखता क्विल्ट केल्या आणि २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागल्या. एका कुठल्याशा क्विल्टमधली जुन्या पँटची फिकट निळाई आणि खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोन, मी तो फोटो किती वेळ बघत होते. पण तो हात वेगळा. मी मोजपट्टी बाजूला ठेवली तर वाकडं येतं ते नुसतंच वाकडं, त्यात काही बोलणं नसतं.

खरी मजा आली ती बी मध्ये. बी म्हणजे बारा जणी, दर महिन्याला एकीची पाळी, बाकी अकरा जणी तिच्यासाठी तिने सांगितलेल्या रंगांत एक-एक ब्लॉक करून पाठवणार. ब्लॉक साडेबारा इंच यायला पाहिजे, जोडल्यावर बारा राहतो. माझी पाळी आली, पाकिटं आली, आणि मी हावरटासारखी सगळे टेबलावर पसरून मोजायला बसले. एक बरोबर साडेबारा. एक साडेबारा आणि वर दोन सूत, ही बाई नक्की घाईत शिवते. एक चारी बाजूंनी वेगळा. एकीने कडा इतक्या सुंदर दाबल्यात की उलट्या बाजूनेच लावावा वाटलं. अक्षरावरून माणूस ओळखावा तसं अकरा जणींचे अकरा पाव इंच समोर होते, कापड वेगळं, मशीन वेगळं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना मी कधी भेटलेली पण नाही.

जे मोठे होते ते कातरून साडेबाराचे केले. लहान एकच निघाला. पाठीमागे बघितलं तर नाव ताईंचं.

एक सूत कमी. मी तीनदा मोजला, मग मोजपट्टी बदलून चौथ्यांदा. मग शेजारच्या ब्लॉकशी लावताना अगदी खेटून पिना टोचल्या, मशीनवर दोन्ही टोकांनी हलकं ओढून धरलं आणि ते सूत जिरवून टाकलं. ग्रुपवर ताईंनी विचारलं, "मिळाला का गं ब्लॉक, नीट बसला ना?"

मी लिहिलं, अगदी तंतोतंत.