सोडून दिलं नाही, फोन नंबर दिलाय

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यावर हॉस्पिटलचं पत्र आलं. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच डोंबिवलीहून आईचा, पुण्याहून काकांचा आणि नाशिकहून आतेबहिणीचा फोन. तिघांचा प्रश्न एकच. "म्हणजे आता डॉक्टर बघणारच नाहीत? सोडूनच दिलं की काय तुला?"

पत्रात होतं ते एवढंच. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी, चालू राहील. पाच वर्षं दर वर्षी एक मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. याखेरीज ठरलेली तपासणी नाही. काही वाटलं तर ब्रेस्ट केअर नर्सला फोन करा. खाली नंबर.

डोकं माझंही फिरलं होतं. आपल्याकडे कसं, जाडजूड फाइल काखेत मारायची, केबिनबाहेर तीन तास बसायचं, आत गेल्यावर डॉक्टरांनी हात लावून बघायचं आणि "छान आहे, तीन महिन्यांनी या" म्हणायचं. त्या एका "छान आहे"वर घरदार पुढचे तीन महिने काढतं. आणि इथे इंग्लंडमधल्या लीड्ससारख्या शहरात, जिथे इतकं मोठं कॅन्सर सेंटर आहे, तिथे मला सांगतायत की फोन कर. फोन कर म्हणजे काय? मला काय कळतंय? काखेतली गाठ कुठली आणि टाक्यांचा घट्टपणा कुठला, हे मी ठरवायचं? वर्षभर प्रत्येक गोष्टीला तारीख होती, वेळ होती, एसेमेस येत होता, आणि आता एकदम मोकळं रान. उपचार संपल्याचे पेढे डोंबिवलीत वाटूनसुद्धा झाले होते, मी मात्र रात्री अडीचला छताकडे बघत दुखरी बरगडी चाचपत होते.

हे सगळं मी नर्सला फोनवर ऐकवलं. चांगलं तावातावाने ऐकवलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, आजार परत आलाच तर तो बहुतेक वेळा बाईला स्वतःलाच आधी जाणवतो, आणि तोही दोन तपासण्यांच्या मधेच. ठरलेली तारीख असली की बाया विचार करतात, पुढच्या महिन्यात जायचंच आहे, तेव्हा सांगू. मला ते थांबणं नकोय. मग तिने बरगडीचं विचारायला घेतलं. कधीपासून, बोट ठेवून दाखवता येतं का, झोपेतून जाग येते का, वजन कमी झालंय का, दिवसागणिक वाढतंय का. त्याच आठवड्यात बोलावलं, तपासलं. रेडिएशननंतर तिथे असं दुखू शकतं, म्हणाली, आणि तरीही तीन आठवड्यांनी स्वतःहून फोन करून विचारलं.

या बाईबद्दल आधीच लिहायला हवं होतं. निदान ऐकलं त्या दिवशी सर्जन बोलून गेले आणि ती खोलीतच राहिली. इथे प्रत्येक कॅन्सर पेशंटला अशी एक ठरलेली नर्स देण्याची पद्धत आहे, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढचं, इथल्या यॉर्कशायर भागातले हेल, चष्मा कायम डोक्यावर. छातीवर पिवळा बिल्ला: "हॅलो, माय नेम इज". या बिल्ल्याची गोष्ट इथलीच आहे. केट ग्रेंजर नावाची यॉर्कशायरची डॉक्टर स्वतः कॅन्सरने आजारी होती. २०१३ मध्ये दवाखान्यात पडून असताना तिच्या लक्षात आलं की येणारा जाणारा आपलं नावसुद्धा सांगत नाही. पेशंटला आधी आपलं नाव सांगा, अशी मोहीम मग तिने आणि तिच्या नवऱ्याने सुरू केली. २०१६ मध्ये ती गेली, बिल्ले राहिले. (माझ्या नर्सचं नाव मात्र मी इथे लिहीत नाही. तिला आवडणार नाही.)

तर सर्जन गेल्यावर तिने एक कागद ओढला आणि जे सांगितलं गेलं ते पुन्हा लिहून काढलं. गाठ केवढी, काखेतल्या ग्रंथींचं काय, पुढे काय. नवरा शेजारी होता, तो प्रश्न विचारत होता, पण उत्तर देताना ती बघत माझ्याकडेच होती. मला ते तेव्हा उद्धट वाटलं. बिचारा एवढं विचारतोय, त्याच्याकडे बघ ना बाई.

आणि मग मला मावशी आठवली. नव्वदच्या दशकात तिला परळला टाटा मेमोरियलमध्ये नेलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, समोरच्या जोशीकाकूंना माहीत होतं, फक्त मावशीला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, साधी गाठ आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. टाटाची पाटी काही लपून राहणारी नाही, आणि मावशी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने कधी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. दोन्हीकडून इतकी वर्षं जपलेला तो सभ्यपणा!

पण लगेच "बघा, आपले लोक कसे" असं मी म्हणणार नाही. मावशी एक मिनिट एकटी नव्हती. आई आणि मामा पाळीपाळीने दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत राहिले, जिथे आजही गावोगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. डबा रोज डोंबिवलीहून लोकलने यायचा. इथे केमोच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर ऐंशीच्या आसपासची एक बाई यायची. हॉस्पिटलच्या गाडीने एकटी यायची, शब्दकोडं सोडवायची, एकटी जायची. तिची चौकशी करणारी नर्सच. तेव्हा इथल्या नर्सचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की इथे नर्सच्या वाट्याला जे येतं त्यातलं निम्मं आपल्याकडे वहिनी, मावसभाऊ आणि शेजारचे जोशी करतात. माझ्यासाठीसुद्धा इथल्या मराठी मंडळींनी मेतकूट-भात, मुगाची खिचडी, आमसुलाचं सार असे डबे दिले. कुणालाही सांगावं लागलं नाही.

केमोच्या वेळी आई आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. पहिल्याच भेटीत ठिणगी पडली. आईने विचारलं, हिचे रिपोर्ट कसे आहेत. नर्सने आधी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या आईला सांगू का?" आई बाहेर येऊन म्हणाली, "मी जन्म दिला, आणि हिला परवानगी पाहिजे?" मी काही बोलले नाही, कारण मला दोघींचंही पटत होतं.

पुढच्या वेळी नर्सने आईसाठी वेगळा वेळ ठेवला. भाषांतर मी करेन म्हटलं, तर नाही म्हणाली. घरच्या माणसाने करायचं नाही, फोनवर दुभाषी घेऊ. मराठीचा कुणी मिळाला नाही, हिंदीचा मिळाला. डोंबिवलीची हिंदी आणि पलीकडे बहुधा लखनौकडचा कुणी साहेब. "मेरेको ये पूछना है" असं आईने सुरू केलं तेव्हा नर्स मला म्हणाली, तू खाली जाऊन कॉफी पी. मी कॉफी पिऊन वर आले तरी दार बंदच होतं. आत काय बोलणं झालं ते आईने आजतागायत सांगितलेलं नाही. नंतर मात्र आईचा पवित्रा बदलला. नर्सचं नाव तिला उच्चारता येत नाही, म्हणून ती तिला "आपली बाई" म्हणते.

केमो देणारी सिस्टर वेगळी, ती केरळातल्या कोट्टायमची. माझ्या औषधांतलं एपिरुबिसिन लालभडक असतं, आणि ते स्टँडला टांगून सोडून देत नाहीत. मोठ्या सिरिंजमधून नर्स स्वतः हाताने, हळूहळू देते, कारण शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. आधी माझा हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, शीर वर यावी म्हणून. मग स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसायची. थोडं औषध आत, मग दांडा जरासा मागे ओढून रक्त येतंय का बघायचं, पुन्हा थोडं आत. "जळजळतंय? खरं सांगा हं." सगळ्या सिरिंजा संपेपर्यंत ती उठायची नाही.

ही सिस्टर इथे यायच्या आधी मुंबईत एका खासगी हॉस्पिटलात होती. कुठल्या, ते विचारू नका. ती म्हणाली, तिथे इतके पेशंट असायचे की चेहरे लक्षात राहायचे नाहीत, बेड नंबर राहायचे. तीच बाई, तेच हात. माझ्या ओळखीचे काही जण इथे आले की "गोऱ्यांची माणुसकी" असं काहीतरी बोलतात, तेव्हा मला ही कोट्टायमची सिस्टर पुढे करावीशी वाटते. तिला स्टूलवर बसायला वेळ दिलाय, म्हणून ती बसते. आपण आपल्या सिस्टरला चुटकी वाजवून बोलवायचं, सलाईन संपलं म्हणून ओरडायचं आणि वर म्हणायचं की आपल्याकडे प्रेमाने करत नाहीत.

अभिमानाचं म्हणाल तर तेही आहे. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचं संशोधन २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आलं. भारतातल्या ११ केंद्रांतल्या १,६०० बायका. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या जरा आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, तेच आपलं जागा बधिर करायचं स्वस्त औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर गेलं. हे मी नर्सला जरा जास्तच ऐटीत सांगितलं. तिने बसल्या बसल्या शोधून काढलं, वाचलं आणि म्हणाली, हे आमच्या सर्जनना विचारते. मला उगाच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

नातेवाईकांनी पाठवलेले हळदीचे, गव्हांकुराचे मेसेज तिच्यापुढे ठेवले तेव्हाही ती हसली नाही. भाजी-आमटीत हळद खुशाल घाल, गोळ्या-कॅप्सूल नको, एवढंच.

"भारतात का नाही आलीस उपचाराला, लवकर झालं असतं" हे मला अजूनही दर पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतं. लवकर झालं असतं, मान्य. इथे सुरुवातीची स्कॅनची वाट बघताना मी नवऱ्यावर, कुत्र्यावर आणि पोस्टमनवर ओरडले आहे. पण मुलीची शाळा इथे, नवऱ्याची नोकरी इथे, आणि कॅन्सरच्या पेशंटला इंग्लंडमध्ये २००९ पासून औषधांचे पैसेही पडत नाहीत. हिशोब करूनच राहिलो. प्रत्येक वेळी नव्याने पटवून द्यायचा मला कंटाळा आलाय, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवलं.

आता केमोनंतरच्या हातापायाच्या मुंग्या कमी झाल्यात. ऑपरेशनच्या बाजूचा हात पूर्ण वर जातो, कारण भिंतीवर बोटं चालवत न्यायचा व्यायाम तिने समोर उभं राहून करून घेतला. केस आलेत, कुरळे, जे आमच्या सात पिढ्यांत कुणाचे नव्हते. फोन मी अजूनही करते, कधी कधी अगदी क्षुल्लक गोष्टीसाठी. फक्त बुधवारी ती नसते, नातवाला सांभाळते. त्या दिवशी दुसरी नर्स फोन घेते, माझी फाइल उघडते, नीट बोलते. पण मला आपली हीच लागते, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी काही दुखलं तर गुरुवारपर्यंत थांबते. तिला ते कळलं तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली. "गाठ काय माझी ड्यूटी बघून येणार आहे का?" म्हणाली, आणि त्या दुसरीचं नाव माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं.