वईतली वस्ती

भात घरात आलं आणि गुरं मोकळी सुटली की कोकणात वईची, म्हणजे खुंट-फांद्यांच्या कुंपणाची, कामं निघतात. पावसात कुजलेले खुंट उपटायचे, नवे ठोकायचे, चिवाऱ्या, म्हणजे बारीक बांबू, आडव्या बांधायच्या, मधल्या फटींत करवंदीच्या फांद्या कोंबायच्या. मागीलदारच्या मुळ्यावर गाईची नजर पडायच्या आत हे उरकलं तर बरं. दगडांचा गडगा एकदा नीट रचला की वर्षानुवर्षं विचारत नाही. वई दरवर्षी गडी मागते. तरी मला वईच आवडते.

खुंट म्हणून ठोकलेली मोगली एरंडाची फांदी पावसात पालवते. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती वईला उत्तम. पोरांना ती वेगळ्याच कारणासाठी हवी असते. पानाचा देठ अर्धवट मोडून जरासा फाकवला की फटीत चिकाचा पातळ पडदा धरतो. त्यावर अलगद फुंकर मारायची. सप्तरंगी फुगे निघतात आणि सदऱ्यावर जे डाग पडतात ते जन्मात जात नाहीत. बिया मात्र खायच्या नाहीत, उलट्यांनी जीव नकोसा होतो. याच बियांपासून डिझेल काढायचं म्हणून 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने राष्ट्रीय मोहिमेची शिफारस केली होती. वईतला एरंड एकदम दिल्लीत गाजला आणि काही वर्षांनी मुकाट खुंटाच्या कामावर परत रुजू झाला.

मुळात तो इथला नव्हेच, अमेरिकेकडचा. घाणेरी तिकडची, फड्या निवडुंग तिकडचा, गिरिपुष्पही तिकडचंच. करवंद, निगडी, अडुळसा आपले. आता सगळी अशी गुंतलीत की मूळचं कोण आणि उपरं कोण, हे विचारायची सोय नाही. वर गुळवेल चढते, आत भारद्वाज घरटं बांधतो, बुडाशी मुंगूस. नांगर आणि खुरपं या हातभर पट्ट्यात शिरत नाहीत, त्यामुळे शेतातून हाकललेलं सगळं इथे येऊन राहतं.

इंग्रजांनीही वई घातली होती, मिठावरचा कर बुडू नये म्हणून. सिंधूपासून महानदीकडे जाणारी ती जकातीची रेषा बऱ्हाणपूरवरून जायची. लांबी सुमारे 3,700 किलोमीटर, राखायला बारा हजारांच्या आसपास माणसं. तिच्या मोठ्या भागात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचं दाट कुंपण होतं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम काही वर्षं त्या खात्याचे आयुक्त होते, आणि कुंपण जोपासायचा त्यांना भारी उत्साह. वाळवी सरकारी वईलाही सोडत नसे. 1879 मध्ये ती रेषा मोडली. बरं झालं. गरिबाच्या मिठाआड येणाऱ्या वईचं मला काही कौतुक नाही.

आता गडी मिळत नाहीत, मग तार येते, नाहीतर चिऱ्याचं कंपाऊंड. वानरांपुढे दोन्ही फुकट, म्हणून कुणी तारेला विजेचं झटका मशीन लावतं. आमच्याकडे यंदा तडजोड झाली: रस्त्याकडे तार, मागे वई. शेजारच्या काकूंनीही हरकत घेतली नाही. फक्त बेडं, म्हणजे वईतलं ये-जा करायचं फाटक, होतं तिथेच राहील आणि त्याला कुलूप लागणार नाही, असं आईकडून वदवून घेतलं. त्यांची विहिरीची वाट तिथूनच आहे.