तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बॉबी’ घ्यावी का?

सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस आधी माझ्या मोटारसायकलच्या टाकीकडे बघतो, मग माझ्या गुडघ्यांकडे बघतो आणि विचारतो, “काका, ही बॉबीच ना? अशी एखादी घ्यायची म्हटलं तर काय बघावं?” सिग्नल सुटेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगतो. पण पुण्यातला सिग्नल कितीही लांबला तरी एवढ्या विषयाला तो पुरत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

ज्यांनी ही गाडी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. राजदूत जीटीएस १७५ ही फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने सत्तरच्या दशकात काढलेली बुटकी मोटारसायकल. छोटी चाकं, उंच हँडल, आणि सरासरी उंचीचा माणूस बसला तरी गुडघे वर आलेच. १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया घरातून पळाले ते हिच्यावरून. चित्रपट काढणाऱ्या राज कपूर यांची मुलगी एस्कॉर्ट्सच्या मालकांकडे, नंदांकडे दिलेली, तेव्हा जाहिरात घरच्या घरी उरकली म्हणायला हरकत नाही. कंपनीने ठेवलेलं नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही, सगळ्यांसाठी ती ‘बॉबी’च झाली.

तर, घ्यावी का? चालवणार असाल तर जरूर घ्या. प्रदर्शनात मांडायची असेल तर तुमचा आणि माझा हिशेबच वेगळा. त्या वाटेला लागलेले लोक टाकीवरच्या स्टिकरसाठी दोन-दोन वर्षं थांबतात आणि मग गाडीवर चादर घालून ठेवतात. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण पावसात भिजलेली बॉबी फडक्याने पुसून परत कामावर नेणारा माणूस त्यांना बघवत नाही, आणि तो मी आहे.

बहुतेक जण बघायला गेले की थेट इंजिनाला कान लावतात. माझ्या मते इंजिन सगळ्यात शेवटी बघावं. कारण हे इंजिन म्हणजे आपल्या दूधवाल्याच्या राजदूतचंच. मूळ पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलचं, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, १७३ सीसी, तीन गिअर. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ज्या इंजिनाने खेड्यापाड्यांतून वर्षानुवर्षं दूध ओढलं, त्याचे पार्ट आजही निघतात. नाना पेठेत जुन्या दुकानदाराला ‘राजदूत’ एवढं म्हटलं की तो वर न बघता “वन-सेव्हंटी-फाइव्ह का थ्री-फिफ्टी?” असं विचारतो. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, पॉइंट, काही ना काही कुठल्यातरी खोक्यातून बाहेर येतंच. सिलिंडर घासला असेल तर लेथवाला बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवून देतो. इंजिन मेलेलं असलं तरी ते उठवता येतं.

पत्र्याचं तसं नाही. टाकी, सीट, मडगार्ड, हँडल हे सगळं फक्त बॉबीचं, साध्या राजदूतचं चालत नाही. रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात कितीही फिरा, टाकी हाती लागली तर नशीब. लागलीच तर विकणाऱ्याला तिची किंमत तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते. म्हणून गाडी बघायला गेलात की आधी टाकीचं झाकण काढा आणि मोबाइलचा टॉर्च आत मारा. तळाशी तपकिरी चिखल आहे का, शिवणीला बाहेरून एमसील फासलंय का ते बघा. नवा रंग असलेल्या टाकीच्या खालच्या बाजूने बोट फिरवा, पोपडा किंवा फुगा हाताला लगेच लागतो. पोचे चालतील, भोकं नकोत. माझ्या टाकीला उजव्या अंगाला चांगला वाटीएवढा पोचा आहे. तो मी काढलेला नाही आणि काढणारही नाही, कारण पत्रा तिथे शाबूत आहे. ठोकायला गेलं की पातळ होतो.

आणखी एक बघाच. साध्या राजदूतची फ्रेम कापून, खुजी करून ‘बॉबी’ म्हणून खपवायचे उद्योगही होतात. फ्रेमवरचे जोड नीट बघा. कारखान्यातलं वेल्डिंग आणि गल्लीतलं वेल्डिंग यातला फरक कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. मग चेसिस नंबर. त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेले आकडे पुस्तकाशी ताडून बघा. एक आकडा जरी ठोकून नवा केल्यासारखा वाटला तरी चहा पिऊन परत या.

पुस्तक म्हणजे आरसी बुक, आणि खरी गोम तिथेच असते. या गाड्यांचे नंबर एमएच-१२, एमएच-१४ येण्याआधीचे, तीन अक्षरांचे. ज्यांच्या नावावर आहेत ते आजोबा बहुधा हयात नसतात आणि विकणारा नातू असतो. अशा वेळी मालकी बदलायचे नेहमीचे फॉर्म २९ आणि ३० पुरत नाहीत. आधी वारसाच्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. ही कामं विकणाऱ्याने आधी करावीत आणि मग पैसे घ्यावेत. ‘तुम्ही घेऊन जा, कागद मागून पाठवतो’ हे वाक्य ऐकलं की गाडी तिथेच सोडायची. शिवाय जुनं पुस्तक कागदी, त्याची नोंद संगणकावर चढलेली आहे की नाही हे परिवहनच्या साइटवर नंबर टाकून घरबसल्या कळतं. नसेल तर बॅकलॉग एंट्रीसाठी आरटीओच्या खेपा आल्या. त्याशिवाय नूतनीकरण नाही, पीयूसी नाही, एचएसआरपीची (नव्या सुरक्षित नंबरप्लेटची) पाटीही नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून फेरनोंदणी करावी लागते, ग्रीन टॅक्स वेगळा. मागची थकबाकी किती, हे सौद्याआधी विचारा.

इथे कुणीतरी हटकून सांगतं, “अहो, पन्नास वर्षं झाली की व्हिंटेजमध्ये टाका की.” २०२१मध्ये केंद्राने तसे नियम केले खरे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदवली तर ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो आणि फी २०,००० रुपये. मान मोठा आहे. पण त्याच नियमांत लिहिलंय की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. म्हणजे भाजी आणायला गेलो तर तो गुन्हा! माझी गाडी साध्या नोंदणीवरच राहील. तिला तो मान नको आणि मलाही नको.

गाडी घरी आली की रंगाच्या डब्याकडे वळू नका. पैसा आधी थांबण्यावर घाला. ब्रेक शू, केबली, चाकांचे बेअरिंग, स्पोकचा ताण. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी भुलायचं नाही. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असले तर तो टायर गेल्या शतकातला समजा. छोट्या चाकाला खड्डा मोठा लागतो, आणि दगडासारख्या झालेल्या टायरवर पहिल्या पावसात गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

मग इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकचं हमखास दुखणं म्हणजे क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, ऑइल सील. रबर वाळून कडक होतं आणि क्रँककेसची हवाबंदी जाते. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते. मग गरम झाल्यावर गाडी आपोआप रेस होते आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू कितीही फिरवा, खाली बसत नाही. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्समधलं तेल इंजिन पिऊ लागतं. गाडीखाली थेंब पडत नाही, तेलाची पातळी मात्र उतरते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट. अशा गाडीला कित्येक मिस्त्री आधी नवा पिस्टन टाकायला सांगतात. आधी सील बदलून घ्या. सील स्वस्त असतं, मेहनत तिथपर्यंत पोचायची असते.

दुसरं ठिकाण म्हणजे पॉइंट, प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा छोटा स्विच. माझी गाडी थंडीत किका मारून घाम काढायची. आमच्या मिस्त्रींनी एका संध्याकाळी दुकानातला दिवा घालवला आणि मला किक मारायला सांगितली. पॉइंटच्या दोन टिकल्यांमध्ये पिवळी, जाड ठिणगी उडत होती. “ही इथे उडते म्हणून प्लगला काही उरत नाही. कंडेन्सर गेलाय,” एवढं बोलून ते चहाला गेले. नवा कंडेन्सर टाकला, टिकल्या पॉलिश पेपरने साफ केल्या, गॅप ०.४ मिलिमीटरला लावली. मॅग्नेट काढायला पुलर वापरा. हातोडीने काढतो म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. सायलेन्सरही एकदा जाळून घ्या, आतला चिकट कार्बन निघाला की गाडी निम्मी मोकळी होते.

पेट्रोलमध्ये २टी ऑइल मी लिटरला ४० मिली घालतो. एक छोटी बाटली खुणा करून डिकीत असते, कारण पंपावरच्या अंदाजावर माझा विश्वास नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंडी टाकीला गंज आणतं, जुन्या रबराचंही त्याच्याशी जमत नाही. म्हणून पेट्रोलचा पाइप नव्या चालीचा टाकून घेतला. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर गल्लीच्या तोंडाशीच पेट्रोल कॉक बंद करतो. दारात येईपर्यंत कार्ब्युरेटर रिकामा होतो.

चालवायला कशी आहे? खोटं कशाला बोलू, उंच माणसाची कंबर बोलते. पाठीमागे कुणी बसलं की सिंहगडाच्या चढावर पहिला गिअर सोडवत नाही, आणि महामार्गावर ट्रकच्या वाऱ्याने ती हलते, तिथे मी नेतच नाही. पण पेठांमधल्या बोळांतून, दोन रिक्षांमधल्या फटीतून दुसऱ्या गिअरमध्ये ती जशी वळते तसं माझ्या मुलाच्या महागड्या बाइकला जमत नाही. हे त्यानेही मान्य केलंय, आईसमोर नाही, पण केलंय.

बघायला जाणार असाल तर मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर आधी सिलिंडरला हात लावा. कोमट लागला तर समजायचं, थंड इंजिनाचं काहीतरी लपवायचं आहे. आणि माझी कितीला पडली हे कृपा करून विचारू नका. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे, आणि मी लिहिलेलं घरी वाचलं जातं.